बाहेरची माणसं

मागच्या वर्षी जून ते ऑगस्ट आम्ही दोघं लेकीकडं विनिपेगला होतो. ती आणि जावई एका बाईंच्या घराच्या तळघरात भाड्यानं राहतात. तळघर म्हटल्यावर आमच्या हिनं सांगलीतनंच काळजी सुरू केली होती. प्रत्यक्षात तिथलं तळघर म्हणजे खिडक्या असलेला चांगला दोन खोल्यांचा संसार. वर घरमालकीणबाई एकट्या. वय ८१, पाठ ताठ, अंगणातलं गवत स्वतः कापतात.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांनी चहाला वर बोलावलं. मी आत गेलो आणि भिंतीपाशीच थांबलो. समोर घड्याळ होतं. ना पेटी, ना काच. पत्र्याची तबकडी, त्यावर हातानं रंगवलेली फुलं, रंग थोडा उडालेला. खाली साखळीला लोंबणारी पितळी वजनं आणि लांबलचक लंबक. मागचं यंत्र सगळं उघडं. माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवण्यात गेली, त्यामुळं पाहुण्याच्या घरी आल्याचं भान सुटून मी मान वाकडी करून मागं डोकावलो. दात्यांवर कानस फिरलेली दिसत होती. पोरांना मी वर्षानुवर्षं ओरडत आलो तसली फिनिश, की बोट फिरवलं तर कुठं अडकणार नाही.

बाईंना ते आवडलं. रोज सकाळी साखळी ओढून वजन वर घेतात, एवढं सांगून त्यांनी मलाच ओढायला लावलं. मग म्हणाल्या, हे क्रोगर घराण्याचं घड्याळ, खोर्तित्साचं. आजीनं १९२४ साली येताना आणलं. बोटीवर खायला भाजून कडक केलेल्या पावांची पोती आणि हे घड्याळ, बाकी फार काही नव्हतं. तो पावही त्यांनी पुढं ठेवला, एका गोळ्यावर दुसरा छोटा गोळा बसवलेला. आपण परगावी जाताना दशम्या बांधून घेतो, तसाच प्रकार.

बाई मेनोनाइट. हा शब्द मी तोवर ऐकलेला नव्हता. ख्रिस्ती पंथ आहे. सोळाव्या शतकात नेदरलँड्सकडं मेनो सिमन्स म्हणून पाद्री होऊन गेला, त्याच्या नावावरून. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, शपथ घ्यायची नाही, हत्यार उचलायचं नाही. असली प्रजा कुठल्या राजाला परवडणार? म्हणून हलत हलत हे लोक प्रशियात गेले आणि तिथनं रशियाच्या कॅथरीन राणीच्या बोलावण्यावरून १७८९ मध्ये आजच्या युक्रेनात, द्नीपर नदीकाठी खोर्तित्साला. १८०४ ला दुसरी मोठी वसाहत मोलोच्ना. सैन्यभरती माफ, शाळा आपल्या, भाषा जर्मन, जमीन काळी. पुढच्या शंभर वर्षांत नांगर-कापणीयंत्रांचे कारखाने, पिठाच्या गिरण्या, काहींच्या हजारो एकरांच्या इस्टेटी. शेजारच्या युक्रेनी गावांतली माणसं त्यांच्याकडं मजुरीला. १८७४ ला सक्तीची लष्करभरती आली तेव्हा हजारोंनी अमेरिका-कॅनडा गाठलं. विनिपेगजवळचं स्टाइनबाख त्यांनीच वसवलेलं, लेकीनं आम्हाला तिथली पवनचक्की दाखवली. बाईंचं घराणं मात्र मागं राहिलं.

"तुम्ही भारतातले, म्हणजे धमतरीजवळचे का?" हा त्यांचा मला पहिला प्रश्न. धमतरीला त्यांच्या पंथाचा दवाखाना आहे. भारत म्हणजे धमतरी. मी म्हटलं, नाही, सांगली. त्यांनी मान हलवली, पण पटलं नसावं.

आता मुख्य गोष्ट. बाईंचे पणजोबा आणि त्यांचे दोन भाऊ एकाच रात्रीत मारले गेले. गाव आयखेनफेल्ड, खोर्तित्सातनं फुटून वसलेल्या वस्तीतलं. जुन्या रशियन पंचांगानं २६ ऑक्टोबर १९१९, आपल्या कॅलेंडरनं ८ नोव्हेंबर. एका गावात एका रात्रीत पंचाहत्तर-ऐंशी माणसं, बहुतेक पुरुष आणि मिसरूड फुटलेली पोरं. बऱ्याच जणांना तलवारीनं. घोडे गेले, गाद्या-रजया गेल्या, पायांतले बूट गेले. घड्याळ त्या आठवड्यात दुरुस्तीला गेलं होतं म्हणून राहिलं.

ही गोष्ट सांगताना बाई माणसं आली म्हणत नव्हत्या. "माख्नो आले" म्हणत होत्या. आमच्या आजी "पटकी आली" म्हणायच्या, अगदी तसं.

मी चमकलो, कारण हे नाव मी चाळीस वर्षांपूर्वी सांगलीत ऐकलेलं होतं. आमचं एक अभ्यासमंडळ होतं, शनिवारी संध्याकाळी एका मित्राच्या माडीवर. तिथं एक जण (नाव नको, अजून रोज सकाळी आमराईत फिरायला भेटतो) नेस्तोर माख्नोचा भक्त होता. १८८८ चा जन्म, गाव हुल्याइपोले, गरीब शेतकऱ्याचं पोर, लहानपणी जमीनदारांकडं गुरं राखली. अराजकवादी गटात शिरला, १९१० ला फाशीची शिक्षा झाली, वय कमी म्हणून जन्मठेपेवर आली, मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात खितपत पडला. १९१७ च्या क्रांतीत सुटला आणि गावी येऊन जमिनी वाटायला लागला. झार नको, जमीनदार नको, आणि बोल्शेविकांचा कमिसारही नको. "अरे, आपले नाना पाटीलच ते," असं तो मित्र म्हणायचा. आता अडचण अशी की मराठीत 'अराजक' म्हणजे सरळ सरळ गोंधळ. त्यामुळं 'अराजकवादी' म्हटलं की ऐकणारा निम्मा हरवतो. मित्र चिडून 'अ-राज्यवादी' म्हणायचा, तेही कुणाच्या तोंडी बसलं नाही.

विनिपेगहून मी त्याला फोन लावला. तिकडं सकाळ, इकडं रात्र. आयखेनफेल्डचं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "तू गोष्ट मधनंच सुरू करतोयस."

त्याची गोष्ट १९१८ च्या वसंतात सुरू होते. जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजा युक्रेनात शिरतात. वाटलेल्या जमिनी जमीनदारांना परत. ज्यांनी जमिनी घेतल्या त्यांना फटके, गोळ्या, फाशी. माख्नोच्या आईचं घर जाळलं, युद्धात अपंग होऊन आलेल्या भावाला मारलं. आणि या फौजांचं स्वागत कुणी केलं? जर्मन बोलणाऱ्या वसाहतींनी. हत्यार न उचलणाऱ्यांच्या पोरांना जर्मन अधिकाऱ्यांनी बंदुका दिल्या, कवायत शिकवली. सेल्ब्स्टशुट्झ, म्हणजे स्वसंरक्षण दल. वर्षाअखेर जर्मन निघून गेले, बंदुका राहिल्या, आणि शेजारी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना ते विचारलं. विचारायला नको होतं असं हिचं मत. पण बाई उठल्या आणि आतनं एक फोटो घेऊन आल्या. तीन तरुण, त्यातल्या दोघांच्या हातात बंदुका. त्यातला डावीकडचा त्यांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ. तो फोटो अल्बममध्ये नव्हता, बायबलमध्ये ठेवलेला होता. म्हणाल्या, "काही तरुण पोरं होती. पण तो आमचा धर्म नव्हे. ते आमचं नव्हतं."

लेक भाषांतर करत होती. हे वाक्य तिनं दोनदा सांगितलं.

खरं म्हणजे त्या पंथातही यावर तेव्हा वाद झाला. १९१८ च्या उन्हाळ्यात लिख्तेनाउ गावात त्यांची मोठी सभा भरली आणि हत्यार घ्यायचं का नाही, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारून ठरवावं, असं निघालं. चारशे वर्षांचा नियम आणि दारात आलेला माणूस. मला त्यांची टिंगल करवत नाही. माझ्या दारात कुणी आलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला चांगलं माहीत आहे.

आणि मित्राचं? त्याला पुन्हा फोन केला तेव्हा तो म्हणाला, "ते माख्नोचे लोक नव्हेतच. त्याच्या नावावर लुटणाऱ्या टोळ्या कमी होत्या का? आणि तो स्वतः त्या रात्री तिथं होता असं कुणी दाखवून द्यावं." मग पुढं ग्रिगोरिएवचं सांगितलं. ज्यूंच्या कत्तली करणारा हा अतामान, म्हणजे सैन्याचा म्होरक्या, त्याला माख्नोच्या माणसांनीच जुलै १९१९ मध्ये भर सभेत गोळ्या घातल्या. ते खरंच आहे. पण मी त्याला तारखा जुळवून दाखवल्या. सप्टेंबर १९१९ ला माख्नो पेरेगोनोव्का इथं बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या जनरल डेनिकिनची फौज फोडतो, मग वाऱ्यासारखा पूर्वेकडं येतो, डेनिकिन मॉस्कोच्या वाटेवर असताना त्याची मागची रसद कापतो. द्नीपरकाठच्या अलेक्सांद्रोव्स्कमध्ये शेतकऱ्यांची परिषद भरते. चळवळीच्या इतिहासात यापेक्षा मोठे दिवस नाहीत, हे त्यानंच मला शिकवलेलं. खोर्तित्सा त्याच शहरासमोर, नदीच्या पलीकडच्या काठाला. आणि आयखेनफेल्ड, पाठोपाठ ब्लूमेनोर्ट, झाग्राडोव्का या मेनोनाइट वस्त्या, हे सगळं त्याच पानझडीत. गावागावांत उतरलेल्या त्या सैन्यानं उवा आणल्या, उवांनी टायफस आणला, आणि तलवारीनं वाचलेले तापानं गेले.

म्हणजे एकाचा पोवाडा आणि दुसऱ्याचं श्राद्ध एकाच पंधरवड्यात.

गंमत बघा (गंमत म्हणवत नाही, पण शब्द सापडत नाही), माख्नोच्या सैन्याचं वैशिष्ट्य म्हणजे तचांका. स्प्रिंगवाली घोडागाडी, तिच्या पाठीमागं मॅक्सिम मशीनगन. असल्या स्प्रिंगच्या गाड्या त्या भागात कुणाच्या कारखान्यांत बनायच्या? जर्मन वसाहतवाल्यांच्या. पाटे चांगले असल्याशिवाय पळत्या गाडीवरनं नेम लागत नाही, एवढं मी टर्नर म्हणून सांगू शकतो.

बाई २००१ मध्ये तिकडं गेल्या होत्या. आयखेनफेल्डच्या जागी तेव्हा स्मारक उभं राहिलं. आता तिथं युक्रेनी वस्ती आहे. तिथल्या एका म्हातारीला त्यांनी दुभाष्यामार्फत विचारलं, त्या रात्रीचं तुमच्यात काय सांगतात? म्हातारी म्हणाली, वाईट झालं, पण ती माणसं बाहेरची होती. आमच्यातलं कुणी नव्हतं. बाई मला म्हणाल्या, "माझ्या आजीनं गाड्या मोजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सामान न्यायला शेजारच्या गावांतनं गाड्या आल्या. त्यातली दोन घोडी तिच्या ओळखीची होती."

हे ऐकलं आणि मला घर आठवलं. विनिपेगमधल्या त्या हॉलमध्ये बसून वाळवा तालुका आठवला.

आमचं गाव कृष्णेच्या काठाला. आमचे आबा, म्हणजे आजोबा, नाना पाटलांच्या प्रति सरकारच्या, लोकांच्या तोंडी पत्री सरकारच्या, तुफान सेनेचे निरोप पोचवायचे. लहानपणी आम्ही हेच ऐकत वाढलो. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याचा साडेपाच लाखांचा खजिना. इस्लामपूरचा मोर्चा, वडूजचा मोर्चा, तासगावच्या कचेरीवरचा तिरंगा. न्यायदान मंडळ, दारूबंदी, हुंडा-मानपान नसलेली गांधी लग्नं. आबा सांगायला लागले की भाकरी ताटात गार व्हायची.

पण 'पत्री' म्हणजे नक्की काय, यावर आमच्याच गावात दोन तट. आबांच्या सांगण्याप्रमाणं, खबऱ्यांना आणि गुंडांना पालथं पाडून तळपायांवर काठीनं मारायचे, बस. खालच्या आळीतले एक गृहस्थ सांगायचे, बैलाला ठोकतात तशी पायाला पत्री ठोकायचे, आमच्या चुलत्याला ठोकली. आबांना हे सांगितलं की म्हणायचे, "ती आपली माणसं न्हवती. आपल्या नावावर दरोडेखोर सुटलेलं, त्यांचं काम." दरोडेखोर सुटले होते हे खरं, प्रति सरकारनं त्यांचा बंदोबस्त केला हेही खरं. तरी त्या गृहस्थांचा चुलता उरलेलं आयुष्य फेंगडा चालला.

आणि मग ४८. गांधीजींचा खून झाल्यावर सातारा-सांगली-कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली, आमच्या गावचा वाडाही त्यातच गेला. घरातली माणसं वाचली, पुण्याला गेली. गावात हे कधी बोललं जात नाही, आणि बोललंच तर एकच वाक्य, जसंच्या तसं: बाहेरची माणसं आलती, आपल्या गावातलं कोण न्हवतं.

आजूबाजूच्या पाच गावांत माझे पाहुणे आहेत. पाचही गावांत हेच सांगतात. मग ही बाहेरची माणसं होती तरी कुठल्या गावची?

ऑगस्टअखेर परत आलो. आमच्या जुन्या घरात सोप्यावर एक झोपाळा आहे. सागवानी फळी, पितळी कड्या, प्रत्येक कडीवर पोपटाची जोडी. २०१९ च्या पुरात सोप्यात पाणी आलं तेव्हा मीच तो उतरवला होता आणि नंतर चिंच लावून कड्या घासल्या होत्या. चार बाजूंच्या चार साखळ्या. त्यातल्या एकीत, वरनं तिसरी कडी पितळी नाही. तिथं लोखंडी आकडा आहे, लोहारानं ठोकून वाकवलेला. पाच-सहा वर्षांपूर्वी मी तो घासला, गंज काढला, ग्रीस लावलं, आणि एकदाही मनात आलं नाही की जिराईत करून खाणाऱ्या आमच्या घरात पोपटांचा पितळी झोपाळा आला कुठनं.

तात्यांना, म्हणजे धाकट्या चुलत्यांना विचारलं. वय ८८, ऐकायला कमी, डोकं शाबूत. ४८ ला अकरा वर्षांचे.

"वाड्यातनं," ते म्हणाले. सहज. जणू मी कधीही विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

"आणि ही कडी?"

"तोडताना तुटली."

"कुणी तोडली, तात्या?"

त्यांनी कानाचं मशीन काढून खिशात ठेवलं. थोड्या वेळानं परत लावलं आणि म्हणाले, "हे काय लिहू-बिहू नकोस. पोरगं पंचायतीला उभं ऱ्हायचं हाय."

पोरगं उभं राहिलं नाही, जागा राखीव निघाली. म्हणून लिहितोय.

वाड्याच्या घराण्यातले एक गृहस्थ दरवर्षी चैत्रात पुण्याहून देवाला येतात. माझ्याच वयाचे, बँकेतनं निवृत्त. देऊळ तेवढं जळलं नव्हतं. नारळ ठेवतात, पुजाऱ्याला पैसे देतात, ऊन चढायच्या आत निघतात. वीस वर्षांत कुणाकडं पाणी प्यायल्याचं मी पाहिलं नाही. या चैत्रात देवळाबाहेर गाठून मी म्हटलं, घरी चला. ते बावचळले, पण आले. मी त्यांना झोपाळ्यावरच बसवलं. चहा आला. आणि मी सांगून टाकलं, हा तुमचा आहे.

त्यांनी कडीवरनं हात फिरवला. म्हणाले, "आमच्याकडं झोपाळा होता? आई-आत्या कुणीच कधी बोलल्या नाहीत." झोपाळा त्यांच्या आठवणीतच नव्हता. त्यांच्या घरात सांगतात ते वेगळंच. ठाकठीक संसार, गावाशी कुणाचा वाकडा शब्द नाही, आणि एका दुपारी अचानक प्रति सरकारवाले मशाली घेऊन आले. मी म्हटलं, प्रति सरकार ४६ लाच संपलं होतं. ते म्हणाले, असेल, आमच्यात असंच सांगतात. सावकारीचं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. आमच्या आबांचा अंगठा त्यांच्या पणजोबांच्या वहीत होता, हे आमच्या घरात पोराटोरांनाही पाठ आहे.

निघताना चपला घालता घालता ते थांबले. "एक मात्र आजी मरेपर्यंत सांगायची. त्या रात्री गावातल्या कुणीतरी गाडी जुंपली. आजीला कडब्याखाली झोपवलं आणि ताकारी स्टेशनावर नेऊन सोडलं. नाव तिनं सांगितलं नाही. एक बैल शिंगमोडा होता म्हणायची."

ते गेल्यावर मी तात्यांजवळ येऊन बसलो. शिंगमोड्या बैलाचं विचारलं. आमचाच, ते म्हणाले, ढवळा. मग मी विचारलं, आजीला स्टेशनावर आबांनी सोडलं का? त्यांनी मान डोलावली. आणि झोपाळा कुठल्या गाडीतनं आला?

तात्या झोपाळ्याकडं बघत बसले.

"आमची गाडी एकच हुती," ते म्हणाले.